अनघासाठी शांत खोली

॥ श्री ॥

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज आलं:
पिस्ता रंग, चार लिटरचा डबा – ९४० रु.
ब्रश दोन, रोलर एक – २१०
पॉलिश पेपर – ६०
हातोडा, सव्वा किलो – ३२० (दुकानदार अर्ध्या किलोचा पुढे करत होता. घ्यायचं तर एकदाच घ्यावं.)
खिळे तीन इंची, अर्धा किलो – ५५
वाळवीचं औषध – १८०
पडद्याचं कापड – काही नाही. माझी आंब्याच्या रंगाची जुनी साडी आहे.
एकूण १७६५.

एवढा खर्च कशापायी, तेही लिहून ठेवते. अनघा पाडव्याला येते आहे, पहिल्या बाळंतपणाला. आठवा लागला. विहीणबाई स्वतः नागपूरहून सोडायला येणार. आज फोनवर म्हणाल्या की अनघाचं बीपी वरखाली होतं, डॉक्टरांनी शांतता सांगितली आहे. घर शांत वाटलं तर ठेवून जाईन, नाहीतर त्याच गाडीने परत नेईन. गोड बोलल्या, पण म्हणजे परीक्षाच की. पहिलं बाळंतपण आणि सासरी? आमच्या घराण्यात झालेलं नाही. आणि मला तरी दुसरी कुठे आहे? एकच मुलगी.

मग अनघाचा वेगळा फोन. आई, काही करू नको, माझी खोली आहे तशीच असू दे. पोर समजूतदार आहे, आईला त्रास नको म्हणून बोलते. मी ओळखलं. तिला खोली नवी हवी आहे.

मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. वसंतात घर ताजं करायचे पाच उपाय: सामान कमी, रंग फिका, जुन्याचं नवं, घरात हिरवळ, भिंतीवर एक लक्ष वेधणारी वस्तू. त्यांचा आवाज इतका शांत की ऐकता ऐकता हे बसल्या जागी झोपले. (हे म्हणजे यज्ञेश्वरराव. दोन वर्षांपासून निवृत्त, घरात हजर.)

देवीपुढे संकल्प सोडला. रामनवमीपर्यंत रागावायचं नाही. शांत घराची सुरुवात आपल्यापासून. रागावले तर दर रागाला एक माळ जप.
माळा बाकी: शून्य.

२५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९

उपाय पहिला, सामान कमी. अनघाच्या खोलीत यांचं कपाट आहे, त्यात तीन बंद रेडिओ. मी म्हटलं टाका. हे म्हणाले दुरुस्त करीन. दहावी झाल्याच्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हापासून ऐकून राहिले. मी कपाटाचं दार उघडत होते, हे लावत होते. दार निखळलं. यांचा अंगठा बिजागरीत.
मी रागावले नाही. आवाज मोठा होता एवढंच. तरी देवी ऐकते, म्हणून एक माळ धरली.

औषध, यज्ञेश्वर, अंगठा – ४० रु.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अनघाच्या खोलीच्या दाराच्या चौकटीला वाळवी. जीव आहे तोही. मारण्याआधी हात जोडले, क्षमा मागितली, दुसरीकडे जायला पाच मिनिटं दिली. गेली नाही. मग औषध ओतलं आणि आत पोचावं म्हणून वरून हातोडा मारला. नवा हातोडा हाताला चांगला बसतो.
वाळवी मेली. चौकट पण गेली.
हे विचारत होते, आता दार कशाला लावायचं. मी म्हटलं, मोकळी हवा. बाळंतिणीला चांगली. (बाळंतिणीला हवा चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण उत्तर द्यावं लागतं.)
माळा बाकी: ६.

१ मार्च, रविवार

तारिक आला. वाहिद मिस्त्रींचा मुलगा, रंगाचं काम करतो. रोजे सुरू आहेत, त्यामुळे चहा नाही, नाश्ता नाही, पाच वाजता घरी. मी मुद्दाम हा महिना धरला असं नाही. योग जुळून आला.

पॉलिश पेपरने तो दिवसभर भिंत कुरवाळत बसला असता. मी खुरपं आणलं. खुरप्याने रंग निघाला, त्याच्यामागे चुना, त्याच्यामागे दोन हात रुंद प्लास्टर एकदम सुटलं ते तारिकच्या डोक्यावर. पांढरा झाला. त्याने डोळ्यांतला चुना पुसला. मग म्हणाला, "काकू, रोज्यात राग करता येत नाही. नाही तं बोललो असतो मी."
किती चांगली गोष्ट. मी त्याला सांगितलं, माझंही सध्या तेच चाललं आहे. तो माझ्या हातातल्या खुरप्याकडे पाहत राहिला.

२ मार्च, सोमवार. होळी

कॉलनीच्या होळीला घरातलं जुनं लाकूड दिलं: तुटकी चौकट, कपाटाचं दार, यांची आरामखुर्ची. पुरणाचा नैवेद्य टाकून पाच प्रदक्षिणा घातल्या. मन स्वच्छ झालं.
यांनी घरी येऊन खुर्ची शोधली. म्हणाले, सकाळी तर मी तिच्यात बसलो होतो. मी म्हटलं, सकाळी होती.
आता हे गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून पेपर वाचतात. जेवायला हाक मारली की आधी स्कूटरचं हेल्मेट घालतात, मग खाली येतात.

५ मार्च, गुरुवार

उपाय दुसरा, फिका रंग. चार लिटर पुरणार नाही असं तारिक म्हणाला. आणखी डबा म्हणजे आणखी ९४०. मी घरातला चुना कालवला. चुना निळसर होता, म्हणून चिमूटभर हळद. मग सात लिटर झाला. वाचले ९४०.

दोन भिंती झाल्यावर तारिक मागे सरून उभा राहिला. मी विचारलं, शांत वाटतं ना. तो म्हणाला, "काकू, रोजा आहे माहा, खोटं नाई बोलत. शांत नाई हा. बिमार आहे."
मी डबा ठेवला. डबा जरा जोरात ठेवला गेला. झाकण उडून पंख्याला लागलं, पंखा चालू होता, रंग चारी भिंतींना आणि छताला बसला. त्यामुळे छतही करावंच लागलं. कामाला कधी कधी असा देवच पुढे ढकलतो.
माळा बाकी: १९. यात तारिकच्या वाटच्या नाहीत.

७ मार्च, शनिवार

उपाय तिसरा, जुन्याचं नवं.
माळ्यावरून पाळणा काढला. सागवानी आहे, दोन्ही बाजूंना कोरलेले पोपट. यांच्या आजीने करून घेतला, यांचं बारसं त्यात, आमच्या अनघाचंही त्यातच. नुसता माळ्यावर धूळ खात होता. त्या बाई म्हणाल्याच आहेत, घरातल्या जुन्या वस्तूला नवा जन्म द्या. पाळण्याच्या बुडाच्या फळीचं कुंड्या ठेवायचं शेल्फ होईल. बाजारात असल्या शेल्फला हजार-बाराशे घेतात.

करवतीने सुरुवात केली. लाकूड ऐकेना. जुनं साग फार अडेल असतं. पाय देऊन पाहिला, उलट माझ्याच नडगीला लागलं. मग हातोड्याने समजावलं. तिसऱ्या घावाला बूड वेगळं झालं. आवाज असा आला की हे गच्चीवरून धावत आले, हेल्मेट न घालता. दारात उभे राहिले. म्हणाले, "अगं, पाळणा?"
मी म्हटलं, बाळ यायला दीड महिना आहे, शेल्फ आज हवं आहे. शिवाय नागपूरची माणसं, नवा जाळीदार घेतील. त्यांनाही हौस असेलच. हे पोपटांच्या दोन बाजू उचलून गच्चीवर घेऊन गेले. न्यावं. तेवढंच सामान कमी.

८ मार्च, रविवार. दुपारी १

छताला पाळण्याची लोखंडी कडी होती. पाळणाच नाही तर कडी कशाला, नुसती लोंबकळत असते, नजरेला खुपते. तारिकला म्हटलं काप. त्याने दोनदा विचारलं. म्हणाला, ही स्लॅबच्या सळईला बांधून आहे काकू, एकदा गेली की गेली, मागून लावली तं तिच्यावर लेकराचा भरवसा नाई करता येत. मी म्हटलं, काप.

ग्राइंडर लावलं. ठिणग्यांची आतषबाजी. एक ठिणगी पडद्याच्या साडीवर, पदराला नारळाएवढं भोक. विझवायला यांचा धोतरजोडा मिळाला, तोही गेला.

नेमका त्याच वेळी विहीणबाईंचा फोन. पाच-सात मिनिटं काहीतरी मनापासून सांगत होत्या. ग्राइंडरपुढे एक अक्षर कळेना. थांबव म्हटलं असतं तर घरात तोडफोड चालली आहे हे त्यांना समजलं असतं. म्हणून मी सगळ्याला हो हो, आहे आहे, तयारच आहे, असं म्हणत गेले. फोन ठेवताना फार खूश होत्या.
मला माणसं सांभाळता येतात.

१० मार्च, मंगळवार

उपाय पाचवा आधी घेतला. भिंतीवर एक लक्ष वेधणारी वस्तू. माझी लग्नातली पितळी परात चिंचेने घासली, सूर्यासारखी निघाली. सात किलो आहे. तीन इंची खिळा वाकला, दुसरा वाकला, तिसरा उडून तारिकच्या कानाजवळून गेला. मग तारिकच्या सामानातला हातभर गज घेतला आणि हातोडा. पाचव्या घावाला भिंतीने रस्ता दिला.

पलीकडून किंकाळी.

इथे लिहिलं पाहिजे की आमची घरं जुळी आहेत. कॉलनीतली सगळीच तशी. मधली भिंत एकच, चार इंची. पलीकडे धुरपताबाई राठोड, एकटी राहते, सत्तरीची आहे. तिच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, लालसिंगचा, हार घातलेला फोटो असतो. असायचा. गज नेमका लालसिंगच्या कपाळातून बाहेर आला.

ती मुसळ घेऊन आली. खोलीला दारच उरलेलं नाही, त्यामुळे सरळ आत. मी सांगत होते की चुकून झालं, पण माझ्या हातात हातोडा वर उचललेला होता, तो खाली घ्यायचं ध्यानात आलं नाही. धुरपताबाई म्हणाली, "सुनीती, माहा मानूस एकदा मेला, तवा मी काई बोलली नाई, देवानं नेला म्हनलं. तू त्याले दुसऱ्यांदा काहून मारून राह्यली?"

मी म्हटलं, फोटो जरा बाजूला लावायला हवा होता. हे बोलायला नको होतं. तिने परातीवर मुसळ हाणलं. देवळातल्या घंटेसारखा आवाज. मी भिंतीवर हातोडा हाणला, नुसतं समोरचं माणूस थांबावं म्हणून. दोन विटा तिच्या घरात गेल्या.
तारिक स्टुलावर उभा राहून दोघींना हात जोडत होता. स्टूल कोणाच्या धक्क्याने पडलं ते नक्की नाही.

अनघा झाली तेव्हा हीच बाई चाळीस दिवस मालिश करायला यायची. मी कधी तिला रिकाम्या हाती पाठवलं नाही. त्याची ही परतफेड.
औषध, तारिक, कोपर – ६५ रु.
माळा बाकी: ७४.

१२ मार्च, गुरुवार. पहाटे ५.२०

धुरपताबाई मिरच्या कांडते आहे. मार्चमध्ये सगळेच कांडतात, मान्य. पण अंगणात जागा असून उखळ भिंतीला लावून? पाच वाजता? प्रत्येक घावाला इकडे चार बोटं प्लास्टर खाली.
मी उठून आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि भिंतीपाशी जाऊन इकडून तितकेच घाव घातले. मोजून. एक जास्त नाही.

सकाळी ८
भोकातून मिरचीची पूड आली. घरभर खोकला. यांना गच्चीवर शिंका आली, वरची कवळी उडाली ती खाली नालीत. सापडली. उकळून घेतली.
भोक आता ताटाएवढं आहे. त्यातून तिची चूल दिसते. वर परात टांगली. भोक झाकलं गेलं आणि लक्ष वेधणारी वस्तूही जागेवर आली.
माळा बाकी: ९८.

१४ मार्च, शनिवार

उपाय चौथा, हिरवळ. शेल्फवर मनीप्लांट, तुळस, पुदिना, ओवा. खिडकीत कढीपत्ता. खोलीत वसंत आला.
अकरा वाजता वानर आला. मोठा नर, काळ्या तोंडाचा. पण शनिवार, मारुतीचा वार. मी हात जोडले. त्याने पुदिना खाल्ला. मी पुन्हा हात जोडले. त्याने दोन कुंड्या ढकलल्या, साडीचा पडदा ओढून खांद्यावर घेतला आणि मला दात दाखवले. मी फुटाणे ठेवले आणि नमस्कार केला. तो माझा चष्मा घेऊन गेला.
आज एकही माळ वाढली नाही. संयम म्हणतात तो हाच.

१५ मार्च, रविवार

तोच वानर आला. आज वार वेगळा.

सायंकाळी
वानर सुखरूप. खिडकीच्या काचा तिन्ही गेल्या, हातोडा बाहेर यांच्या स्कूटरच्या दिव्यात सापडला. वानर समोरच्या लिंबावर बसून चष्मा घालून पाहत होता.
हे म्हणाले की पाडव्यापर्यंत आपण काहीच केलं नाही तर कसं? मी म्हटलं, आता थोडक्यात आलं आहे.
माळा बाकी: १५१.

१८ मार्च, बुधवार

सगळं तयार. मुद्दाम दारात उभी राहून (दार नसल्याने नीट दिसतं) खोली पाहुण्यांच्या नजरेने पाहिली. पिस्त्याच्या कुळातला रंग. भिंतीवर सूर्य. शेल्फवर हिरवळ. चौकटीच्या जागी अंबाडीच्या दोरीचं तोरण. खिडकीत काचेऐवजी जुनं कॅलेंडर, देवीचं चित्र आतल्या बाजूला. तारिकला पैसे देऊन निरोप दिला. ईद झाल्यावर येऊन भोक बुजवतो म्हणाला. मी म्हटलं भोक दिसतच नाही. तो म्हणाला, काकू, तिकडून दिसते ना.

संध्याकाळी अनघाचा फोन. आवाज थकलेला. विचारलं, आई, खोली तशीच आहे ना? मी म्हटलं, अगदी. उद्या पाहशील तर रडशील.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा. सकाळी ७

गुढी उभारली. बांबू वळवताना ओसरीची ट्यूब गेली. शुभदिवशी काच फुटली तर अरिष्ट टळतं असं माझी आई म्हणायची. म्हणजे या पंधरवड्यात आमचं किती टळलं असेल.

रात्री जेवण झाल्यावर

लिहायचं नव्हतं. पण हिशेबाची वही आहे, कोरी सोडता येत नाही.

साडेअकराला आले. जावई साकेतराव गाडी सावलीत लावतो म्हणून गेले, ते चहाला आलेच नाहीत. अनघाच्या पावलांना सूज आहे. तोंड इतकंसं झालं आहे. मी तिला सरळ खोलीत नेलं. डोळे मिट म्हटलं, मिटले तिने. उघड म्हटलं.
तिने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, बराच वेळ छताकडेच. मग शेल्फपाशी गेली आणि ओव्याच्या कुंडीखाली हात घातला. फळीला लहानपणी तिने दाताने कुरतडलेली एक कड आहे. मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही. तिचं बोट बरोबर तिथे गेलं.

विहीणबाई मागून आल्या. त्यांनी प्रसन्नपणे विचारलं, पाळणा कुठे बांधता? आम्ही काही घेतला नाही हो, तुम्ही त्या दिवशी फोनवर इतकं खात्रीने म्हणालात, पाळणा आहे, कडी आहे, सगळं तयार आहे. अनघाचं एकच चाललं होतं, माझं बाळ माझ्याच पाळण्यात निजेल. सहा महिन्यांपासून दुसरं बोलत नाही ती.

मी उत्तर देणार होते. काय देणार होते कोण जाणे. तेवढ्यात पलीकडे ठोकणं सुरू झालं. धुरपताबाई सणाच्या दिवशी लालसिंगला नवी काच घालून पुन्हा भिंतीवर लावत होती. एक घाव, दुसरा. तिसऱ्याला परात सुटली. परात शेल्फवर, शेल्फ खाली, चार कुंड्या, माती, ओवा, सगळं विहीणबाईंच्या डाव्या पायावर. परात तेवढ्यावर थांबली नाही. गोल गोल फिरत ओसरीतून अंगणात गेली आणि गुढीच्या पाटाला धडकली. हे हेल्मेट घालून धावत आले. त्यांनी मनीप्लांट झेलला. दुसरं काही त्यांच्या हाती लागण्यासारखं नव्हतं.

विहीणबाई खाली बसल्या. पण बाई धीराच्या, आधी पर्समधून बीपीचं मशीन काढलं आणि अनघाच्या दंडाला लावलं. एकशे बासष्ट. त्यांनी तो आकडा मला दाखवला. मग साकेतरावांना फोन लावला, गाडी दारात आण.

मी अनघाचा हात धरला. ती म्हणाली, आता पुन्हा तीन-साडेतीन तास गाडीत नाही बसवत. म्हणजे राहता येत नाही आणि जाताही येत नाही. तेवढ्यात भिंतीतल्या भोकातून धुरपताबाईचं तोंड दिसलं. माझ्याकडे पाहिलंच नाही तिने. विहीणबाईंना म्हणाली, "पोरीले इकडं पाठवा. माह्या घरची कडी अजून कोनं कापली नाई."
मग अनघाला म्हणाली, "ये छोरी. पानी तापवलं हाय."

अनघा उठली. दारातून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला तिने. "आई, मी नागपूरला नाही जात. इथेच आहे. भिंतीच्या पलीकडे."

विहीणबाईंनी लंगडत जाऊन धुरपताबाईचं घर पाहिलं. शेणाने सारवलेली ओटी, एक बाज, एक कंदील, कोपऱ्यात उखळ. भिंतींना साधा चुना. पाहून म्हणाल्या, हे घर शांत आहे. आणि अनघाची पिशवी तिथे ठेवून गेल्या.

क्रेप बँडेज, विहीणबाई, पाऊल – १२० रु. त्यांनी घेतले नाहीत.

२२ मार्च, रविवार

डबा घेऊन गेले होते. धुरपताबाई दारातच. म्हणाली, पोरीले भेटायचं तं भेट, पन तो हातोडा मले देऊन ये. हातोडा माझ्या घरचा आहे, ३२० रुपयांचा. तत्त्वाचा प्रश्न आहे. डबा दिला आणि परत आले.

भोकातून ऐकू येतं. मुद्दाम ऐकत नाही, परात आता भिंतीवर नाही म्हणून येतं. दोघी हसत होत्या. लालसिंगच्या कपाळावर जिथे भोक पडलं तिथे धुरपताबाईने कुंकू लावलं आहे म्हणे, आणि म्हणते की जिवंतपणी याने कधी मला लावू दिलं नसतं.

तारिक ईदचा शीरखुर्मा घेऊन आला. आधी तिकडे दिला, मग इकडे. अनघाचं बीपी विचारून आला होता, एकशे चोवीस. मला सांगून गेला. भोक बुजवू का म्हणाला. मी म्हटलं, राहू दे सध्या.
शीरखुर्म्याचा अर्धा वाडगा यांना गच्चीवर पाठवला. वर जाऊन पाहिलं तर हे पोपटांच्या दोन बाजूंना पॉलिश पेपर घासत बसले होते. मी आले तरी मान वर केली नाही. बोटांना फोड आलेले. मी खाली आले.

२६ मार्च, गुरुवार. रामनवमी

संकल्प पुरा झाला. रामनवमीपर्यंत रागावायचं नाही असं ठरवलं होतं. माळा बाकी: २०७.
दुपारी रामजन्माच्या वेळी कॉलनीच्या देवळात पाळणा हलवला. सगळ्या बायकांनी दोरी धरली. माझी पाळी आली तेव्हा मी दोरी धरली नाही. कुणी विचारलं तर हात दुखतो म्हणून सांगणार होते. कुणी विचारलं नाही.

घरी येऊन चिठ्ठी लिहिली. नक्कल इथे ठेवते:

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.
सोबत डिंकाचे लाडू अकरा. दोन रोज, तीन नको, उष्ण पडतील. धुरपताबाईंनाही दे.
पाळण्याची फळी मी धुऊन वाळवली आहे. खिळ्यांची चार भोकं आहेत, तारिकचे वडील सागाच्या खुंट्या मारून बुजवतो म्हणाले. दोन्ही बाजू तुझ्या बाबांनी जपल्या होत्या. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं, हे त्यांना सांगू नको. बूड पूर्वीसारखं बसेल की नाही ते जोडल्याशिवाय कळणार नाही. तुझ्या दातांची कड तशीच आहे. तिला मी हातोडा लागू दिला नव्हता, म्हणजे लागला नाही.
कडी मात्र माझ्याकडे नाही. ती धुरपताबाईंच्या घरी आहे. पाळणा तिथेच टांगावा लागेल. बारसंही मग तिथेच.
हातोडा भोकातूनच देणार होते, पण पलीकडे कुणाच्या पायावर पडायचा. त्यांच्या दाराशी ठेवला आहे. पावती नको.
मी आत येऊ का? तुला नको असेल तर तसं लिही. रागावणार नाही. माळा शिल्लक आहेतच.
ही चिठ्ठी हाती पडताच उलट टपाली, म्हणजे याच भोकातून, कळव. मी इकडे भिंतीला टेकून बसले आहे.
तुझी आई

सायंकाळी ५.१०. चिठ्ठी आत सारली. पलीकडे कुणीतरी उचलली.